न आलेल्या बसचे बळी

बसने कुणाला उडवलं की बातमी होते. पहिल्या पानावर फोटो, चालकाला अटक, जमावाची दगडफेक, नेत्यांची धावपळ, वारसांना मदत.

बस आलीच नाही तर बातमी होत नाही.

माणसं मात्र तेव्हाही मरतात.

आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा. बारावी झाली, कॉलेज मिळालं सात किलोमीटरवर. पहिले चार महिने बसने गेला. सकाळची बस कधी पंधरा मिनिटं उशिरा, कधी पाऊण तास, आणि आली तरी दारापर्यंत गच्च. पहिल्या तासाची हजेरी बुडायला लागली. शेवटी वडिलांनी हप्त्यावर स्कूटर घेतली. पेढे वाटायला त्याची आई वर आली. पेढा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "आता रोज जीव टांगणीला."

तिने कुठलाही अहवाल वाचलेला नाही. तिचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं आहे.

२०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. हा सरकारी आकडा. त्यातले साधारण ४५ टक्के दुचाकीवरचे आणि वीस टक्क्यांच्या आसपास पायी चालणारे. म्हणजे जवळजवळ दर तिघांमागे दोघं या दोन रांगांतले. बसमध्ये बसलेल्या माणसांचा वाटा यात अगदी थोडा, आणि त्यातही घाटात दरीत गेलेल्या लांब पल्ल्याच्या गाड्या धरलेल्या असतात.

शहरात सीटवर बसून तिकीट काढणारा माणूस रस्त्यावरचा सर्वांत सुरक्षित माणूस आहे.

मग त्याला सीटवरून उठवून स्कूटरवर कुणी बसवलं?

हिशेब साधा आहे. चाळीस माणसं एका बसमध्ये बसली की रस्त्यावर एक चालक असतो. त्याच्याकडे अवजड वाहनाचा परवाना, छातीवर बिल्ला, डेपोत त्याची नोंद. तीच चाळीस माणसं दुचाकीवर आली की चालक होतात पस्तीस. पस्तीस ओव्हरटेक, पस्तीस जणांची घाई, सिग्नल पिवळा झाल्यावर पस्तीस निर्णय. त्यातला एक चुकला की पुरतं.

वाहतुकीचे नियम शिकवणारे सप्ताह आपण दरवर्षी पाळतो. पस्तीस जणांना शिकवायचं की एकाला, हा प्रश्न कुठल्याच सप्ताहात येत नाही.

आता खिशाचं बघू.

मुंबईत जुलै २०१९ मध्ये बेस्टचं किमान भाडं पाच रुपयांवर आणलं. लोक बसकडे परतले. मे २०२५ मध्ये तेच भाडं दहा झालं. पुढच्याच महिन्यात पुण्यात पीएमपीनेही पाचाचे दहा केले. महागाई आहे, तोटा आहे, सगळं मान्य. पण घरातल्या माणसाने काय करायचं? नवरा-बायको दोघांना पाच किलोमीटरवर जायचं असेल तर बसचे वीस रुपये. स्कूटरला लागतं अकरा-बारा रुपयांचं पेट्रोल, आणि ती दारात उभी असते.

तो माणूस बेशिस्त नाही. त्याला हिशेब येतो.

भाडं ठरवणारी बैठक ही रस्ता सुरक्षेची बैठक असते. तिथे वाहतूक पोलिसांतलं कुणी बसतं का? सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागातलं कुणी? तिकिटातून वाचवलेला रुपया याच शहराचा नागरिक हाडांच्या वॉर्डात भरतो. तोट्याच्या ताळेबंदात तो वॉर्ड कधी दिसत नाही.

मुंबईत १५ जुलै १९२६ ला पहिली बस धावली, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. तेव्हापासून या शहराच्या चार पिढ्या बसने वाढल्या. एकेकाळी बेस्टकडे चार हजारांहून जास्त गाड्या होत्या. आता तीन हजारांच्या खाली आहेत, आणि त्यातल्या स्वतःच्या मालकीच्या हजाराच्याही आत. शहर वाढलं, उपनगरं विरारच्या आणि पनवेलच्या पलीकडे गेली, आणि बस कमी झाल्या.

कमी झालेल्या बसमधली माणसं घरी बसलेली नाहीत. शेअर रिक्षात चौथ्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धं अंग बाहेर काढून ती बसलेली आहेत. हायवेच्या कडेने चालत आहेत. बाईक टॅक्सीच्या मागे दुसऱ्याच्या मापाचं हेल्मेट धरून बसली आहेत.

त्यांतलं कुणी गेलं की पोलिसांच्या कागदावर वाहनाचा प्रकार लिहिला जातो: दुचाकी. कारण लिहिलं जातं: भरधाव. "अर्धा तास थांबलो, बस आली नाही", यासाठी त्या कागदावर रकाना नाही.

आता आलेल्या बसकडे वळू. तिचंही बोलायलाच हवं. बसच्या आतला माणूस सुरक्षित आहे म्हणून बाहेरचाही आहे, असं नाही. दहा-बारा टनांचं धूड आहे ते.

९ डिसेंबर २०२४ ची रात्र. कुर्ला पश्चिम, एस. जी. बर्वे मार्ग. बाजार उठायची वेळ, रस्त्यावर माणसांची दाटी. ३३२ क्रमांकाची इलेक्ट्रिक बस त्या गर्दीत घुसली आणि वाटेतली माणसं, रिक्षा, गाड्या चिरडत गेली. नऊ जीव गेले. चाळीसहून जास्त जखमी.

बस भाडेतत्त्वावरची. चालक कंत्राटदाराचा. एवढी मोठी इलेक्ट्रिक बस चालवायचा पुरेसा सराव त्याला नव्हता, हे दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे छापून आलं. चालक तुरुंगात गेला, खटला कोर्टात आहे, न्याय कोर्ट करेल.

पण त्या सीटवर त्याला बसवलं कुणी?

क्लच-गिअरच्या जुन्या डिझेल गाडीवर ज्याचे पाय तयार झाले, त्याला इलेक्ट्रिक गाडी वेगळी लागते. डाव्या पायाला काम नाही. इंजिनाचा आवाज नाही, म्हणजे गाडी किती रेटली आहे हे कानाला कळत नाही. आणि ॲक्सिलरेटर दाबल्या दाबल्या मोटर सगळा जोर देते. डिझेलची गाडी आधी गुरगुरते आणि मग हलते. ही थेट सुटते. हात-पाय बदलायला वेळ लागतो. तो वेळ म्हणजे प्रशिक्षण. आणि प्रशिक्षणाचे दिवस म्हणजे कंत्राटदाराच्या वहीत बिनकमाईचे दिवस.

इथे गाठ आहे.

कंत्राटाचा हिशेब असा: गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, कंडक्टर आणि तिकिटाचे पैसे बेस्टचे. कंत्राटदाराला पैसे मिळतात किलोमीटरमागे. निविदा ज्याची कमी, गाड्या त्याच्या. कमी दरात निविदा भरली की उरलेलं कुठून काढायचं? टायरमधून, देखभालीतून, पगारातून. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत कंत्राटी चालकांनी जवळपास आठवडाभर काम बंद ठेवलं. मागणी होती पगारवाढीची. आपण त्या आठवड्यात काय केलं? बस नाही म्हणून चिडचिड केली.

ज्याच्या पायाखाली चाळीस माणसांचा आणि फुटपाथवरच्या चारशे माणसांचा जीव, त्याला किती पगार मिळतो हे आपल्याला कधी विचारावंसं वाटलं नाही.

किलोमीटरमागे पैसे देणं मुळात वाईट नाही, हेही सांगून टाकतो. प्रवाशामागे पैसे मिळाले की काय होतं ते दिल्लीने बघितलं आहे. तिथल्या ब्लूलाइन बस खासगी मालकांच्या. मालकाला रोजची ठरलेली रक्कम द्यायची, वरचं चालक-वाहकाचं. म्हणजे पुढच्या थांब्यावर आधी जो पोचेल त्याचे प्रवासी आणि त्याचे पैसे. मग दोन बस भर रस्त्यात शर्यत लावायच्या. २००७ या एका वर्षात त्या बसखाली शंभराहून जास्त माणसं गेली. पुढे राष्ट्रकुल स्पर्धा आल्या तेव्हा त्या बस रस्त्यावरून हटवायला सुरुवात झाली.

पाहुणे येणार होते. शंभर घरांतलं रडणं त्याआधीचं होतं.

कोलंबियातल्या बोगोटा शहरात या शर्यतीला पैशापैशाची लढाई असंच नाव पडलं होतं. तिथे डिसेंबर २००० मध्ये ट्रान्समिलेनिओ सुरू झालं. बसला स्वतःची मार्गिका, ठरलेले थांबे, कंत्राट किलोमीटरचं. थांब्यावर प्रवासी किती चढले याचा चालकाच्या कमाईशी संबंध राहिला नाही. काराकास नावाच्या त्यांच्या सर्वांत बदनाम रस्त्यावरचे मृत्यू झपाट्याने घटले. माणसं तीच.

बदलला होता पैसे देण्याचा नियम आणि बसचा रस्ता.

आपण किलोमीटरचा नियम घेतला. त्यासोबतची देखरेख घेतली नाही. किलोमीटर मोजायला यंत्र आहे. करकचून मारलेले ब्रेक, वळणावरचा वेग, सलग किती तास ड्यूटी झाली, हेही त्याच यंत्रातून कळू शकतं. ते कुणी बघतं का? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने मर्यादा घातली होती, दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. कुठल्याही डेपोच्या कँटीनमध्ये जाऊन चहा प्या आणि टेबलावरच्या चालकाला विचारा, काल डबल मारली का? उत्तर हसून देईल.

डोळे लाल असतील.

आता एक थांबा दाखवतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तुमचा थांबाही असाच आहे.

एक लोखंडी खांब. पाटीवरचे आकडे उन्हाने उडालेले. खांबासमोर तीन रिक्षा, एक कणसाची गाडी, आणि दोन मिनिटांत येतो म्हणून लावलेली एक मोटार. संध्याकाळी साडेसहाची वेळ. बस येते. चालकाला कडेला लागायला जागाच नाही. तो रस्त्याच्या मधोमध, दुसऱ्या रांगेत उभा राहतो. कंडक्टरची एक घंटा.

फुटपाथवरची माणसं रस्त्यावर उतरतात. रिक्षांच्या मधून वाट काढत धावतात. त्यात एक आजी. कापडी पिशवीतून मेथीची जुडी डोकावते आहे, दुसरा हात पदराला. तिच्या आणि बसच्या मधल्या फटीतून, डावीकडून, एक मोटरसायकल सुसाट निघते. आजी मागे सरकते. रिक्षाच्या आरशाला धरून तोल सावरते. पुन्हा पुढे येते. पहिल्या पायरीचा दांडा धरते, एक पाय वर, दुसरा उचलत नाही. मागून कुणीतरी कोपराला आधार देतं. आजी आत. अजून सीट मिळालेली नाही.

डबल बेल.

गाडी हिसका देऊन निघते आणि आजी समोरच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर आपटते.

अपघात झाला का? कागदोपत्री नाही. कपाळाला टेंगूळ आलं, कुणी पाणी दिलं, विषय संपला. तिच्या वयात हेच आपटणं खुब्यावर झालं असतं, तर तिने पुन्हा बसचं तोंड बघितलं नसतं. कदाचित घराचा उंबराही ओलांडला नसता.

या तीस सेकंदांत चालकाची चूक किती आणि बाकीच्यांची किती?

एक माप सांगतो. शहरी बस कशी असावी याचे निकष केंद्र सरकारने २००८ मध्ये ठरवले. लो फ्लोअर बसची फरशी जमिनीपासून ४० सेंटीमीटर. फुटपाथ साधारण १५ सेंटीमीटर उंच. बस फुटपाथला चिकटून उभी राहिली, तर आजीला चढायचे होते २५ सेंटीमीटर. घरातल्या जिन्याच्या पायरीपेक्षा थोडं जास्त. बस रस्त्याच्या मधोमध थांबली, म्हणून झाले ४०. आणि गाडी जुन्या पद्धतीची, उंच फरशीची असेल तर पायऱ्यांची शिडीच.

एवढा खर्च करून महागडी खालच्या फरशीची बस घ्यायची, आणि तिच्यासमोर तीन रिक्षा उभ्या राहू द्यायच्या.

मधोमध थांबलेली बस आणखी एक काम करते. ती भिंत होते. उतरलेला माणूस बसच्या पुढून रस्ता ओलांडायला निघतो. त्याला उजवीकडून येणारं वाहन दिसत नाही, त्या वाहनाला हा दिसत नाही. बसच्या नाकापुढे पाऊल पडतं आणि त्याच क्षणी ओव्हरटेक करणारी गाडी तिथे पोचते. शाळेतून येताना उतरलेली मुलं अशीच जातात.

यावरचा उपाय जगभर जुना झाला आहे. थांबा चौकाच्या आणि झेब्रा पट्ट्यांच्या पुढे ठेवायचा. म्हणजे उतरलेला माणूस बसच्या मागून ओलांडतो, येणाऱ्या गाड्यांना तो दिसतो, आणि त्यालाही त्या दिसतात. खांब उपटून वीस-पंचवीस मीटर पुढे रोवायचा. किती खर्च येईल? एक दिवसाचं काम, चार मजूर, थोडं सिमेंट.

पण थांबा कुठे येतो? नगरसेवकाच्या कार्यालयाजवळ. किंवा दुकानदाराने समोर नको म्हटलं म्हणून त्याच्या दुकानापासून दूर. माणसाच्या जिवाचा नंबर शेवटी.

मग ते मागचं चाक. "बसच्या मागील चाकाखाली येऊन" ही बातमीतली ओळ आपल्याला पाठ झाली आहे. मागचंच चाक का, हा प्रश्न कधी पडला का?

बारा मीटरची गाडी डावीकडे वळते, तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत. ती आत, कोपऱ्याकडे कापत येतात. वळणावर बसच्या डाव्या बाजूला घुसलेला दुचाकीवाला पुढचं चाक गेलं म्हणून निश्चिंत होतो. जागा त्याच्या डोळ्यांदेखत आवळत जाते. चालक बसलेला असतो उजव्या टोकाला. डाव्या कोपऱ्यातला बुटका माणूस, लहान मूल, खाली वाकलेला स्कूटरवाला त्याच्या आरशात येतच नाही.

एकदा रिकाम्या उभ्या बसमध्ये चालकाच्या सीटवर बसून बघायची संधी मिळाली. चालक दादा खाली उतरले, डाव्या पुढच्या चाकाशी जाऊन उभे राहिले आणि ओरडले, "दिसतो का?" आवाज आला. माणूस दिसला नाही. चांगले साडेपाच फुटांचे गृहस्थ. मी मान वाकडी केली, अर्धवट उठलो, तेव्हा टोपीचा शेंडा दिसला.

"आम्ही हे रोज करतो," दादा वर चढत म्हणाले. "देवाचं नाव घेतो आणि वळवतो."

त्या कोपऱ्यासाठी छोटा गोल आरसा मिळतो. कॅमेराही मिळतो. दोन चाकांमधली मोकळी जागा झाकणारी लोखंडी जाळी मिळते. माणूस पडलाच तर आत ओढला जात नाही, बाहेर ढकलला जातो. हे सगळं निविदेत लिहायला एक परिच्छेद पुरतो. देवाच्या भरवशावर किती दिवस?

पुण्याचं न सांगता कसं चालेल?

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातला पहिला बीआरटीचा प्रयोग सुरू झाला. कल्पना सोन्यासारखी. बसला वेगळी वाट, बस वेळेवर, बस वेळेवर म्हणून दुचाकी कमी. प्रत्यक्षात थांबे आले रस्त्याच्या मधोमध आणि तिथवर पोचायची वाट आली नाही. कठडे अर्धवट, सिग्नल अर्धवट. बसच्या मार्गिकेत दुचाकी घुसल्या. माणूस मध्यात पोचायला जीव मुठीत धरून धावला. काही पोचले नाहीत.

मग ओरड झाली. ती व्हायलाच हवी होती. पण ओरडीतून काय निघालं? ओलांडायची वाट उंच करा, मध्ये थांबायला जागा द्या, चालणाऱ्याला वेगळा सिग्नल द्या, असं निघालं नाही. निघालं ते असं: मार्गिका काढा. नगर रस्त्यावर २०१६ मध्ये सुरू झालेली बीआरटी सात-आठ वर्षांत उखडली गेली.

जखम पायाला होती, पाय कापला.

आणि उखडलेल्या जागेवर आलं काय? आणखी दुचाकी, आणखी मोटारी, आणि त्यांच्यात अडकलेली तीच बस. वेगळ्या वाटेवर चालणारी बस दर मिनिटाला डावी-उजवी करत नाही. थांब्याशी कडेला घुसायचं आणि पुन्हा बाहेर निघायचं, ही तिची सर्वांत धोक्याची हालचाल तिथे टळते. उलट दिशेने बस सोडणाऱ्या मार्गिका मात्र घातक ठरतात, हेही जगाने अनुभवलं आहे. रस्ता ओलांडणारा एकाच बाजूला बघतो. म्हणजे काय बांधावं आणि काय बांधू नये, दोन्हीची उत्तरं लिहून ठेवलेली आहेत.

वाचणार कोण?

प्रवाशांचंही एक सांगतो, म्हणजे आपलं. केनियात संशोधकांनी मताटू नावाच्या तिथल्या खासगी मिनीबसमध्ये स्टिकर लावून बघितले. चालक बेफाम हाणत असेल तर गप्प बसू नका, बोला, अशा अर्थाचे. त्या गाड्यांचे विम्याचे दावे निम्म्याने आणि त्याहूनही जास्त घटले. चार ओळींचा कागद आणि थोडा डिंक.

आपल्या बसमध्ये वर्षानुवर्षं एकच पाटी आहे. चालकाशी बोलू नये.

गप्पा मारू नयेत, हे बरोबरच. पण तो मोबाईल कानाला लावून उड्डाणपुलावर चढतो तेव्हाही बोलू नये? मागच्या महिन्यात माझ्या समोर एक मुलगी बोलली. शाळेच्या गणवेशातली, नववी-दहावीची असेल. पुढे गेली आणि स्पष्ट म्हणाली, "काका, फोन ठेवा ना, भीती वाटते." काकांनी आरशात बघितलं. फोन ठेवला. बसमधली आम्ही तीस मोठी माणसं तोवर खिडकीबाहेर बघत होतो.

त्या मुलीला आपण काय देणार आहोत? दोन-तीन वर्षांनी तिचीही बारावी होईल. तिच्या कॉलेजची बस दर दहा मिनिटांनी येईल का? की तिच्याही घरी पेढे वाटले जातील?

दर दहा मिनिटांनी. सगळी मागणी या तीन शब्दांत मावते. दहा मिनिटांनी बस येणार हे माहीत असलं की माणूस चालत्या बसमागे धावत नाही, दाराला लोंबकळत नाही, मधोमध थांबलेल्या गाडीवर झेप घेत नाही. पुढची येते आहे ना! गर्दी विरळ झाली की दार बंद होतं. दार बंद झालं की पायरीवरून पडणारं कुणी राहत नाही. चालकाच्या वेळापत्रकात दोन मिनिटं मोकळी मिळाली की तो आजी बसेपर्यंत थांबतो.

तो मुळात वाईट माणूस नाही. त्याच्या मागे घड्याळ लावलेलं आहे.

शहरात उड्डाणपूल मंजूर होतो तेव्हा आकडा शेकडो कोटींचा असतो, आणि पूल तोट्यात आहे असं कुणी म्हणत नाही. बस मात्र दरवर्षी तोट्यात. पुलावरून दुचाक्या वेगाने जातील, उतरताना घसरतील, त्याचा जमाखर्च कोण मांडतो? एका पुलाच्या पैशात किती बस येतात, हा प्रश्न पुढच्या निवडणुकीत दारात आलेल्या उमेदवाराला विचारा. उत्तर मिळेपर्यंत त्याला दारात उभा ठेवा. आपण थांब्यावर उभे असतोच की रोज.

काल रात्री साडेनऊला जिन्यात खालच्या मजल्यावरची वहिनी भेटली. दार अर्धवट उघडं, हातात फोन. मुलाचा मेसेज येऊन पाऊण तास झालेला: निघालोय. सात किलोमीटर. पाऊस नुकताच थांबला होता.

"फोन केला तर गाडीवर उचलेल," ती म्हणाली. "म्हणून करत नाही."

समोरच्या रस्त्यावरून एक बस गेली. आत दिवे चालू, माणूस एकही नाही, काचेवर पाटी: डेपो.

आम्ही दोघं कठड्याशी उभे राहिलो. बऱ्याच वेळाने गेटचा लोखंडी आवाज झाला, स्कूटर स्टँडवर चढली. तिने खाली वाकून बघितलं आणि काही न बोलता पोळ्या गरम करायला आत गेली.